वैद्यकीय शिक्षण परिषदेत बीजभाषण करणाऱ्या तज्ज्ञांची ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की इंदूरच्या परिषदेत दोन वक्त्यांची ओळख तुमच्याकडे आलीय, एकेकाचा बायोडेटा पानंच्या पानं आहे, आयोजक म्हणतात दोन मिनिटांत आटपा, आणि समोर सगळे तुमचे वरिष्ठ. बायोडेटा बाजूला ठेवा. तो स्मरणिकेत छापलेला असतो आणि ज्याला शोधनिबंध मोजायचे आहेत तो मोबाइलवर मोजेल.

मी इंदूरचाच. आयुष्य फिजिऑलॉजी शिकवण्यात गेलं. मेडिकल एज्युकेशन युनिट, म्हणजे कॉलेजातल्या शिक्षकांना शिकवण्याचं प्रशिक्षण देणारा विभाग, गळ्यात पडलं, त्यामागून माइकही आला. माझ्या मते ओळखीत एवढंच कळलं पाहिजे की या विषयावर हाच माणूस का बोलावला, आणि या सभागृहानं त्याचं का ऐकावं. पदव्या, पुरस्कार, परदेशवाऱ्या यांतलं जे याला उपयोगी पडतं ते घ्या, बाकी सोडा.

समजा तुमच्या पहिल्या वक्त्या मूल्यमापनावर बोलणार आहेत. ‘मॅडमचे शंभराहून अधिक शोधनिबंध आहेत’ हे ऐकून कोणी मान वर करत नाही. पण समोरच्या प्रत्येक डॉक्टरनं कधीतरी लाँग केस, म्हणजे एकच पेशंट नीट तपासून परीक्षकासमोर मांडायची परीक्षा, दिलेली असते. कुणाला घडाघडा बोलणारा पेशंट मिळाला, कुणाला ‘काही होत नाही’ म्हणून कूस बदलणारा, आणि परीक्षकाचा मूड वेगळाच. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ऑस्की (OSCE) ही ठरावीक टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली ती याच नशिबाच्या खेळाला आवर घालायला: सगळ्यांना तीच स्टेशनं, तेवढाच वेळ, तीच चेकलिस्ट. आता ओळख अशी होऊ शकते: ‘आपल्या सगळ्यांना आपापली फायनलची लाँग केस आठवत असेल, आणि पेशंट कसा मिळाला तेही. मॅडमनी आपल्या विभागात ही परीक्षा ऑस्कीवर नेली. तसं करताना खोल्या कमी पडल्या, परीक्षक नाराज झाले, तेही त्यांनी नोंदवून ठेवलं. आज त्या तेच सांगणार आहेत.’ मग नाव, सध्याचं पद, संस्था आणि टाळ्या. मिनिटभराच्या आत होतं. नाव शेवटी घ्या म्हणजे टाळ्या नेमक्या वेळी पडतात.

मात्र वक्त्याचं भाषण तुम्ही करू नका. मिलरचा १९९० चा पिरॅमिड, म्हणजे ‘माहीत आहे’पासून ‘प्रत्यक्ष करतो’पर्यंतच्या मूल्यमापनाच्या पायऱ्या, तुम्हाला पाठ असेल, पण तो त्यांच्या तिसऱ्या स्लाइडवर असणारच आहे. तिथपर्यंत त्यांना पोचू द्या.

दुसरे वक्ते अभ्यासक्रमावर बोलणार असतील तर सभागृहाचा थकवा लक्षात घ्या. २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई, म्हणजे एमबीबीएसचा सक्षमताधारित अभ्यासक्रम, आला आणि सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स, एटकॉम (वृत्ती, नीती आणि संवादाचे धडे), विद्यार्थ्यांच्या कामाच्या नोंदींचं लॉगबुक सगळं एकदम अंगावर पडलं. दीडशे-अडीचशेच्या बॅचची लॉगबुकं तपासणाऱ्या माणसाला ‘सक्षमताधारित शिक्षणाचे अध्वर्यू’ वगैरे ऐकवलंत तर तो चहाला उठेल. याच माणसानं स्वतः लॉगबुकं तपासली आहेत एवढं सांगा (खरं असेल तरच!), लोक सरसावून बसतील. त्यातून हे सकाळचं पहिलं सत्र असेल तर बाहेरगावचे निम्मे प्रतिनिधी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जागून आलेले असतात. त्यांना पदव्यांची यादी म्हणजे अंगाई.

खरं काम आधीच्या आठवड्यात असतं. वक्त्याला फोन करा, ईमेलवर भागवू नका. नाव कसं उच्चारायचं ते त्यांच्याच तोंडून ऐका. दक्षिणेकडच्या नावांत आद्याक्षर बोलायचं की नाही तेही विचारा. आजचं पद विचारा, कारण सरकारी कॉलेजांत बदल्या होतात, लोक निवृत्त होतात आणि वेबसाइट तशीच राहते. फाइमर या वैद्यकीय शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा उल्लेख असेल तर फेलो की फॅकल्टी, हे नक्की करा. या क्षेत्रातल्या लोकांना तो फरक लगेच खटकतो. ‘भारतात प्रथमच’ हे शब्द बायोडेट्यात असले तरी माइकवर घेऊ नका, पहिल्या रांगेत दुसरा कोणी ‘प्रथमच’ बसलेला असतो. काय सांगू नये, हेही विचारा. बहुतेकांकडे त्याचं उत्तर तयार असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही.

पद्म पुरस्काराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ही चूक मोठमोठ्या मंचांवर चालते. ‘पद्मश्री डॉ. अमुक’ असं म्हणू नका. राज्यघटनेच्या कलम १८ नं उपाधी बंद केल्या. पद्म पुरस्कार उपाधी नाहीत म्हणूनच ते देता येतात, आणि ते नावाच्या पुढेमागे जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात स्पष्ट केलं. ‘यांना पद्मश्रीनं गौरवण्यात आलं’ असं वेगळं वाक्य चालतं. बॅनर छापणाऱ्यालाही आत्ताच कळवा.

वक्ता बाई असेल तर ‘घर सांभाळून एवढं केलं’ हे नको. पुरुष वक्त्याबद्दल कोणी ते म्हणत नाही.

वक्ते इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी असतील तर ते जरूर सांगा. कॉलेज १९४८ चं, त्याआधीचं मेडिकल स्कूल १८७८ चं. इथल्या लोकांना बॅचचं वर्ष ऐकलं की हिशेब सुरू होतात, ‘अरे, म्हणजे आमच्या दोन वर्षं पुढे!’ एवढी आपुलकी पुरते, कॉलेजचा इतिहास सांगत बसू नका.

भाषेचं विचारलंत. इंग्रजी धरा, सुरुवातीचं वाक्य हिंदीत चालेल. वक्ते पुण्या-मुंबईचे असले की आपल्याला मराठीचा मोह होतो, मलाही होतो. एक वाक्य बोला आणि परत या, कारण समोर रीवा-जबलपूरचे लोकही असतात. ‘किसी परिचय के मोहताज नहीं’ हे मात्र कुठल्याच भाषेत नको. हे म्हणणारा माणूस त्यानंतर हमखास पाच मिनिटं परिचय करून देतो.

विषय हिंदीतून एमबीबीएसचा असेल तर जपून. १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीची हिंदी पुस्तकं निघाली तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक स्टाफरूममध्ये यावर दोन तट आहेत. तुमचं मत काहीही असो, ओळखीत त्याचा वासही येऊ देऊ नका. नाहीतर वक्त्यानं पहिलं वाक्य बोलण्याआधीच अर्धं सभागृह विरोधात बसलेलं असेल.

वरिष्ठांची धास्ती वाटते, तर ओळख कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, घड्याळ लावून दोनदा मोठ्यानं वाचा आणि मंचावर तोच कागद खुशाल हातात धरा. पाठ केलेलं विसरतं. वक्ता माइकपाशी येईपर्यंत तिथेच थांबा, माइकची उंची नीट करून द्या. वेळ संपल्याची चिठ्ठी कोण देणार ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा, नाहीतर ते कामही तुमच्याकडेच येईल.