पाळी गेल्यावर हार्मोन घ्यावेत का? दोन बहिणी, दोन वेगळी उत्तरं

"डॉक्टरीणबाईंनी हार्मोन लिहून दिलेत, पण त्यानं हार्टअटॅक येतो म्हणे. घेऊ की नको?" असं विचारणाऱ्या बाई ५१ वर्षांच्या. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून वाफा, रात्री घामानं उशी भिजते, शाळेत शिकवताना डोळे मिटतात. सोबत ६४ वर्षांची थोरली बहीण. तिची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आणि तिचा प्रश्न नेमका उलटा: "पाळी असेपर्यंत बाईचं हृदय शाबूत असतं ना? मग मी हार्मोन घेतले तर पुन्हा अटॅक यायचा नाही?"

दोघींनाही अर्धवट माहिती मिळाली होती, आणि दोन्हीत थोडं तथ्य होतं.

धाकटीची भीती २००२ सालची आहे. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधी थांबवला गेला. दोन हार्मोनची एकत्र गोळी घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या ३७ घटना झाल्या, तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये ३०. म्हणजे दहा हजारांत सात जास्त. स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात आठ-आठनं वाढले. बातमी जगभर गेली, पण एक गोष्ट मागे राहिली: त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटून गेली होती.

वयाचा एवढा फरक का पडतो? इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर शरीरात घटणारं मुख्य स्त्री-हार्मोन, निरोगी रक्तवाहिनी लवचीक ठेवायला मदत करतं. पण वाहिनीत चरबीचे थर आधीच साचले असतील, तर तेच हार्मोन, विशेषतः तोंडावाटे घेतलेलं, गुठळी व्हायला कारण ठरू शकतं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथं रक्त गोठवणारे घटक वाढतात. म्हणून आज ढोबळ नियम असा आहे: वय ६० च्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांहून कमी, वाफांचा खरा त्रास आणि हृदयविकार, पक्षाघात, गुठळी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा आजार नाही, अशा बाईला हार्मोनचा फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो.

धाकटी या नियमात बसत होती, तरी आधी तपासण्या करून घेतल्या: रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि गर्भपिशवीचं अस्तर पाहणारी सोनोग्राफी. रक्तदाब १४४/९२ निघाला. तो आधी गोळीनं आटोक्यात आणला, मगच डॉक्टरांनी हार्मोन सुरू केले. तेही गोळीऐवजी जेल, कारण त्वचेतून गेलेलं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) यकृताला वळसा घालतं आणि गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो.

जेल दंडावर किंवा मांडीवर लावायचं, स्तनावर कधीच नाही. वाळल्यावरच कपडे घालायचे, हात धुवायचे, आणि तासभर तरी ती जागा नातवंडाच्या अंगाला लागू द्यायची नाही.

यात हमखास गडबड होते ती दुसऱ्या औषधाची. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन घ्यावंच लागतं. महिन्यातून १२ रात्री २०० मिलिग्रॅम किंवा रोज १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, झोपताना. बायका जेल नियमित लावतात आणि कॅप्सूल सोडतात. कोणाला त्यानं गुंगी येते, कोणाला "गेलेली पाळी परत आली" म्हणून नको वाटतं. पण एकट्या इस्ट्रोजेननं अस्तर वाढत जातं आणि पुढे तिथं कर्करोग होऊ शकतो. बारा रात्रींच्या पद्धतीत कॅप्सूल संपल्यावर रक्तस्राव होणं अपेक्षितच आहे. अवेळी किंवा जास्त झाला तर मात्र थांबू नये, दाखवावं. गर्भपिशवी काढलेली असेल, तर सहसा प्रोजेस्टेरॉनची गरज नसते.

थोरलीला मात्र स्पष्ट सांगावं लागलं की हे तुमच्यासाठी नाही. १९९८ मध्ये आलेल्या 'हर्स' अभ्यासात आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायका होत्या. हार्मोनच्या गोळ्यांनी त्यांचे अटॅक एकूणात कमी झाले नाहीत, उलट पहिल्या वर्षी वाढले. हृदय जपण्यासाठी म्हणून हार्मोन कोणालाच दिले जात नाहीत, धाकटीलाही नाही. तिला ते वाफांसाठी दिले.

बोलता बोलता थोरलीची खरी अडचण कळली: कोरडेपणा, लघवीला जळजळ, वर्षातून तीन-चारदा इन्फेक्शन. संकोचानं तिनं ती कोणत्याच डॉक्टरला सांगितली नव्हती. यावर योनीत लावायचं कमी मात्रेचं एस्ट्रिऑल (हाही इस्ट्रोजेनचाच प्रकार) क्रीम असतं. ते रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारून तिलाही वापरता येतं. सुरुवातीला दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा.

दोघींना आणखी एक फरक समजावून सांगितला. वाफ छातीतून चेहऱ्याकडे चढते, धडधड होते, काही मिनिटांत ओसरते, मागून थंडी वाजते. जिना चढताना छाती, जबडा किंवा पाठ दाबल्यासारखी होऊन बसल्यावर बरं वाटत असेल, तर ती वाफ नव्हे. लगेच तपासून घ्यावं. दम लागून थंड घाम सुटला, तर लगेच १०८ ला फोन करायचा. पाळी गेल्याचा त्रास समजून अनेक बायकांचा अटॅक घरातच अंगावर काढला जातो.

थोरलीच्या पिशवीतली औषधं पाहिली तर कोलेस्टेरॉलची गोळी नव्हती. "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बंद केली." रिपोर्ट नॉर्मल आला तो त्या गोळीमुळेच. अँजिओप्लास्टीनंतर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निदान ७० च्या खाली ठेवायचं असतं आणि गोळी थांबवली की ते पुन्हा चढतं. शिवाय ती सकाळी मिसरी लावत होती. तंबाखू दातांवर घासली काय नि ओढली काय, निकोटिन रक्तात जातंच आणि नाडी, रक्तदाब वाढवतं. कोलेस्टेरॉलची गोळी परत सुरू करण्याबद्दल त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायचं ठरलं. मिसरीऐवजी टूथपेस्ट आणि तलफ आली की बडीशेप, हे तिनं स्वतःच सुचवलं.