मुखत्यारपत्र बँकेने नाकारले, तर?

प्रश्न : वडिलांनी नोटरीसमोर माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले आहे, त्यांच्या बचत खात्याचे व्यवहार मी पाहावेत, असे त्यात लिहिले आहे. बँक मात्र ते स्वीकारत नाही. हल्ली वडिलांना विस्मरणही होऊ लागले आहे. बँकेवर सक्ती करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुखत्यारपत्र पुढे केले की समोरच्याने ते मानलेच पाहिजे, असे सरसकट सांगणारे कलम आपल्या कायद्यात नाही. नोटरीने साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र रीतसर झाले आहे, असे न्यायालय गृहीत धरते. परंतु त्यातून नेमके कोणते अधिकार मिळाले हे मजकुरावरूनच ठरते आणि तो मजकूर न्यायालये काटेकोरपणे वाचतात. त्यामुळे पैसे काढणे, मुदत ठेव मोडणे यांचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर बँकेची शंका मला गैर वाटत नाही. उल्लेख असूनही नकार मिळाला, तर कारण लेखी मागा. बँकेकडे केलेल्या तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

मला अधिक काळजी वाटते ती वडिलांच्या विस्मरणाची. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता हरपली की मुखत्यारी संपते. क्षमता हरपल्यानंतरही चालू राहणारे मुखत्यारपत्र काही देशांत करता येते, आपल्याकडे नाही. केवळ नावे-तारखा विसरणे म्हणजे क्षमता हरपणे नव्हे. व्यवहार समजून घेऊन आपले हित-अहित ठरवता येते का, ही कलम 12 ची कसोटी आहे. मुखत्यारी संपल्याचे त्रयस्थाला कळेपर्यंत त्याच्यापुरती ती संपत नाही, असे कलम 208 सांगते. पण हे संरक्षण अनभिज्ञ बँकेसाठी आहे, सारे ठाऊक असणाऱ्या मुलासाठी नव्हे. म्हणून वडिलांची स्थिती बँकेपासून लपवू नका.

त्यांना व्यवहार कळतो आहे तोवर डॉक्टरांचा दाखला घ्या आणि त्यांची इच्छा असल्यास त्यांच्याच सहीने खाते संयुक्त करून घ्या. ती वेळ टळून गेली असेल, तर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत कुटुंबीयांना पालक नेमलेले आहे.