बाबा ७८ वर्षांचे, शेती दारव्ह्याकडे, मी पुण्यात. मुखत्यारपत्र कसं करायचं?
मुखत्यारपत्र म्हणजे बाबांच्या वतीनं कामं करायचा लेखी अधिकार. आधी घाई करा. बाबांना सगळं नीट समजतंय तोवरच हे होतं. करार कायद्याच्या (१८७२) कलम २०१ प्रमाणे देणारा वारला किंवा त्याचं मानसिक भान गेलं की मुखत्यारपत्र संपतं.

सरसकट कुलमुखत्यारपत्र देण्यापेक्षा कामं नेमकी लिहा, गट नंबरासकट: पीककर्ज, कापूस-सोयाबीनची विक्री, तलाठ्याकडचे अर्ज. जमीन विकायची नसेल तर तो अधिकार टाकूच नका. भावकीतली भांडणं तिथूनच सुरू होतात. तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. बाबांना उठवत नसेल, तर नोंदणी कायद्याच्या (१९०८) कलम ३१ खाली कारण दाखवून अर्ज करा, अधिकारी घरी येऊ शकतो.

अंगठ्याचं मात्र सांभाळा. आमच्या बाबांचा चारदा उमटला नाही, कापूस वेचून वेचून रेघाच झिजलेल्या. कोमट पाण्यात हात बुडवून, धोतराला पुसून पाचव्यांदा जमलं. बाहेर रांग आमच्या नावानं खडे फोडत होती!

बँकेत आधी विचारा, बऱ्याच शाखा आपलाच नमुना मागतात. आणि पीएम किसानच्या ई-केवायसीला हा कागद कामाचा नाही, तिथं बाबांचंच आधार लागतं.