गुडघ्यावरची लाली आणि जुना कॅन्सर : बायोप्सी करावी का?

आईंचा गुडघा सात महिन्यांपूर्वी बदलला, टाक्यांच्या बाजूची कातडी दीड महिन्यापासून लाल व कडक आहे, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, सांध्यातील पाण्याचा कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आला आणि आता सर्जन त्वचेची बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) सुचवत आहेत, असे आपण लिहिले आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या स्तनाच्या कॅन्सरचा उल्लेख मात्र आपण जाता जाता केला आहे. पॅथॉलॉजीत आयुष्य काढलेल्या मला त्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच वाटले.

सांधा बदलल्यानंतर कातडी लाल झाली की पहिला संशय जंतुसंसर्गाचाच घ्यावा, आणि तो बहुतेक वेळा खराही ठरतो. कल्चर निगेटिव्ह आले म्हणून संसर्ग नाहीच, असेही नाही. आधी अँटिबायोटिक पोटात गेले असेल तर जंतू सापडत नाहीत. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेला असला तरी तेवढ्यावरून निवाडा होत नाही, कारण तो कॅन्सरमध्येही वाढतो. सांध्यातील पाण्यात पांढऱ्या पेशी किती निघाल्या, हा आकडा आपण दिलेला नाही. तो जरूर विचारा. दर मायक्रोलिटरला ३,००० हून अधिक पेशी असतील, तर पारडे संसर्गाकडे झुकते.

कॅन्सरच्या पेशी त्वचेतील बारीक लसिकावाहिन्यांत (पेशींभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत) अडकल्या की तुंबलेल्या गटारासारखे पाणी मागे साचते आणि कातडी लाल, गरम, टणक होते. दिसायला हुबेहूब संसर्ग, पण बहुधा ताप नसतो आणि अँटिबायोटिकने फरक पडत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हे मुख्यतः छातीवर दिसते, गुडघ्यावर क्वचितच. तरीही डोळ्यांनी पाहून हा फरक ठरवता येत नाही, मग तो डॉक्टर कितीही अनुभवी असो.

बायोप्सीने रोग पसरेल, ही भीती मनातून काढावी. पंच बायोप्सीत साधारण ४ मिलिमीटरचा त्वचेचा तुकडा निघतो, सांध्याला हात लागत नाही. आणि कॅन्सर तिथे असेलच, तर तो आधीच पसरून आलेला आहे. दोन तुकडे घ्यायला सांगा : एक फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) हिस्टोपॅथॉलॉजीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्यासाठी, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चरसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे दोन्ही एकाच बाटलीत टाकले की कल्चर वाया जाते. मागणीपत्रावर जुन्या कॅन्सरची नोंद हवी आणि जुना रिपोर्ट व ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तेव्हाचा तुकडा) मिळत असेल तर तोही सोबत द्यावा, म्हणजे नव्या पेशींची जुन्यांशी तुलना करता येते.

मात्र ताप आला, पू दिसला किंवा गुडघा अचानक हलेनासा झाला, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.