अकरा महिन्यांचा कागद

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेतोय, डिपॉझिट वीस हजार. घरमालक काका म्हणतात, "अकरा महिन्यांचं तर आहे, नोंदणी कशाला?" काय करू?

उत्तर : कराच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ लेखी, नोंदणीकृत करारच मागतं, महिने कितीही असोत. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. काकांना चहा पिताना हळूच सांगा. मी शाहूपुरीत असाच साधा कागद केलेला. सोडताना रंगाचे म्हणून पाच हजार कापले की! भिंतीत खिळा एकच, तोही कॅलेंडरचा. बाकी, नदीकडची खोली बघितलीत तर २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलेलं ते शेजारच्या मावशींना विचारा, एजंटाला नको.