नेट सारखं तुटतंय? आधी केबल लावून बघ

नवा राउटर घ्यायची घाई करू नकोस. आधी एक लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोड आणि दिवसभर तसाच चालव. वाय-फाय गेलं की केबलवरचं नेटही जात असेल, तर दोष लाइनचा किंवा राउटरचाच. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (म्हणजे लाइनवरून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा दिसला तर सरळ कंपनीला फोन. राउटरच बंद-चालू होत असेल तर अ‍ॅडॉप्टरची पिन हलवून बघ. मी महिनाभर सेटिंग उकरत बसलो होतो आणि शेवटी निघाली ढिली पिन! (हसू नकोस.)

केबलवर नीट चालतंय? मग गडबड हवेतली. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (म्हणजे सिग्नलच्या मार्गिका) तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या सगळ्या गाळ्यांचे राउटर त्यातच कोंबलेले असतात. फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर (चॅनेलची गर्दी दाखवणारं अ‍ॅप) टाकून कमी गर्दीचा चॅनेल शोध; मग राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' बंद करून तो निवड, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेव. राउटरजवळचे लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर हलव. नेमकं जेवणाच्या सुट्टीतच नेट जातं का, तेही बघ. मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो.

आणि राउटर लोखंडी कपाटात ठेवला असेल तर तो आजच बाहेर काढ.