पटावरच्या दाण्यांचे अवयव

प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ असं दुप्पट करत ६४ घरं भरली, तर एकूण १८४४६७४४०७३७०९५५१६१५ दाणे होतात. नात नववीत आहे. ती म्हणते, "आजोबा, शेवटी ५ आहे म्हणजे ५ने भाग जाणारच. पण पूर्ण अवयव कसे पाडायचे?" हातानं करता येईल अशी रीत सांगावी.
– एक आजोबा, सांगली

उत्तर : नातीचा प्रश्न मला फार आवडला. बहुतेक लोक हा आकडा केवढा मोठा, एवढंच बघून थांबतात. ('लीलावती'तली संख्यानामं परार्धाला, म्हणजे १वर १७ शून्यांना, संपतात आणि हे दाणे १८४ परार्धांच्याही वर जातात.)

एकूण दाणे म्हणजे २चा ६४वा घात वजा १. दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र तिला येतंच. ते लावलं की दोन कंस मिळतात : २चा ३२वा घात अधिक १, आणि तोच घात वजा १. वजावाल्या कंसाला पुन्हा तेच सूत्र, मग पुन्हा. शेवटी हाती येतं :

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

पहिल्या पाचही मूळ संख्या. सहावीही मूळच असणार असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. १७३२मध्ये गणिती ऑयलरनं दाखवलं की तिला ६४१ने भाग जातो.

इथे भागाकार नको. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. आता ५ × १२८ हे ६४१पेक्षा १ने कमी, म्हणून त्याला ६४१ने भागलं तर बाकी उणे १ धरता येते, म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी १. तो चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले २चा २८वा घात. ६४१ने भागून बाकी काढताना ६२५च्या जागी उणे १६ चालतात. म्हणजे उणे (२चा ३२वा घात), याची बाकी १. मग २चा ३२वा घात अधिक १, याची बाकी?

३४ वर्षं हे फळ्यावर लिहिताना इथे मी खडू खाली ठेवत असे. 'शून्य' हा शब्द मुलांच्या तोंडून आधी यावा, एवढीच इच्छा असायची.

उरलेला अवयव ६७००४१७, तोही मूळ आहे. ताळा नातीला करू द्या.

मग तिला लहान पट द्या. ४ घरं : १५ दाणे, विभाजक ४. ८ घरं : २५५ दाणे, विभाजक ८. १६ घरांना १६, ३२ घरांना ३२. ६४ घरांना मात्र ६४ नव्हे, १२८. का, ते तिला ६४१च सांगेल.